एका सेंटचा धनी

निवृत्त माणसाने अमेरिकेत लेकीकडे तीन महिने काय करावे, हा प्रश्न आमच्या पिढीतल्या पुष्कळांना पडून गेला आहे. मी त्याचे उत्तर दोनदा शोधले. पहिल्या खेपेला कादंबरी लिहायला घेतली आणि चाळीस पानांवर अडलो. दुसऱ्या खेपेला चष्म्याची काडी मोडली. असल्या बारीक कामाचा गोंद हॉबीच्या दुकानात मिळतो असे जावयांनी सांगितले आणि नातवाला माझ्याबरोबर देऊन, लॉस एंजलिसच्या दक्षिणेकडच्या तशाच एका दुकानापाशी आम्हा दोघांना सोडले. गोंद पाच मिनिटांत मिळाला. बाहेर पडायला दीड तास लागला.

दुकानाच्या एका भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत नुसती खोकी होती. लांब नाकाचे जुने ट्रक, तिसाच्या दशकातल्या फोर्ड गाड्या, मागची चाके ढोलाएवढी आणि पुढची सायकलीची असावीत अशा शर्यतीच्या गाड्या. आत प्लॅस्टिकचे सुटे भाग. ते आपण जोडायचे, रंगवायचे आणि कपाटावर ठेवून द्यायचे. मला नवल वाटले ते खोक्यांवरच्या चित्रांचे. ती चित्रे साठ वर्षांपूर्वीची होती. आमच्या लहानपणी दिवाळीच्या फटाक्यांच्या पाकिटांवर जसे भडक, आनंदी रंग असत, तसे रंग. पण खोकी कोरी करकरीत आणि सेलोफेन ताणून बसवलेला. दुकानदाराने न कंटाळता समजावून सांगितले. कंपन्यांनी १९६०च्या आसपास केलेले पोलादी साचे अजून शाबूत आहेत. मधूनमधून ते पेटाऱ्यांतून बाहेर काढतात, साफसूफ करतात, त्यांत पुन्हा प्लॅस्टिक ओततात आणि जुन्याच चित्राच्या खोक्यात घालून विकायला आणतात. घेणारे बहुतेक माझ्या वयाचे असतात. लहानपणी जे मिळाले नाही किंवा मिळाले आणि हरवले, ते त्यांना परत हवे असते.

नातवाने त्यातले एक खोके उपसले. त्यावर पांढरी, बिनछपराची, डोक्यावर काचेचा बुडबुडा चढवलेली एक गाडी होती. असली गाडी कधी रस्त्यावर धावली असेल यावर माझा विश्वास बसला नाही. नाव 'बीटनिक बँडिट'. खाली कर्त्याचेही नाव होते : एड 'बिग डॅडी' रॉथ. खेळण्याच्या खोक्यावर कर्त्याचे नाव मी पहिल्यांदा पाहत होतो. पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला असे नाव दिसले की पहिला प्रश्न एकच पडतो. या नावाचे त्याला किती मिळाले? पुढचे दोन महिने मी लेकीच्या गावच्या वाचनालयात त्या प्रश्नाच्या मागे होतो.

एडवर्ड रॉथ ४ मार्च १९३२ रोजी बेव्हर्ली हिल्सला जन्मला. गावाचे नाव ऐकून श्रीमंती समजू नये. आईवडील जर्मनीहून आलेले, वडील लाकूडकाम करणारे, घरातली भाषा जर्मन. मुलगा वाढला तो लॉस एंजलिसजवळच्या बेल नावाच्या कामकरी वस्तीत. योगायोग असा की त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी हेन्री फोर्डने आपली व्ही-आठ इंजिनाची गाडी बाजारात आणली. स्वस्त गाडीत आठ सिलिंडरचे इंजिन ही तेव्हा अपूर्वाई होती. दहा-पंधरा वर्षांनी हीच फोर्ड भंगारात मिळू लागली आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या हाती पडली. त्यांनी तिचे मडगार्ड काढले, बॉनेट फेकले, छप्पर कापून चार बोटे खाली आणले आणि इंजिनातून होती तेवढी ताकद पिळून काढली. याला हॉट रॉड म्हणतात. मोजाव्हीच्या वाळवंटात कोरड्या पडलेल्या सरोवरांचे मैलोगणती सपाट तळ आहेत; तिथे हे लोक शर्यती लावत. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या तरुणांनी त्यात भर घातली. त्यांना यंत्रे हाताळायला सैन्याने शिकवले होते आणि हातात थोडा पैसाही होता.

रॉथ या सगळ्याच्या ऐन मध्यात वाढला. शाळेत असतानाच त्याने जुनी फोर्ड घेतली. वर्गात दोनच विषयांत त्याचे मन रमे, गाड्यांचे वर्कशॉप आणि चित्रकला. बाकीच्या तासांना वहीत राक्षस काढी. थोडे दिवस कॉलेजात अभियांत्रिकी शिकला, मग १९५१ ते १९५५ हवाई दलात होता. तिथे त्याला नकाशे काढायला शिकवले. परत आला तेव्हा लग्न झालेले, पाठोपाठ मुले. पुढे पाच मुलगे झाले. सीअर्सच्या दुकानात मांडणी-सजावटीची नोकरी धरली आणि रात्री घरी लोकांच्या गाड्यांवर पिनस्ट्रायपिंग करू लागला. पिनस्ट्रायपिंग म्हणजे लांब केसांच्या बारीक ब्रशाने, पट्टीचा आधार न घेता, गाडीच्या अंगावर केसासारख्या रेषा ओढायच्या. हात थरथरला तर सगळे गेले. या कामातला त्या वेळचा राजा व्हॉन डच. त्याच्यामागून जे अनेक आले त्यांतला एक रॉथ. 'द बॅरन' म्हणून ओळखला जाणारा क्रोझिअर नावाचा एक वयस्क पेंटर आणि त्याचा नातू टॉम केली यांच्याबरोबर त्याने दुकान काढले. पुढे मेवूड या गावी स्लॉसन अॅव्हेन्यूवर स्वतःचे.

घर चालले ते शर्टांवर. गाड्यांच्या जत्रांत तो एअरब्रश घेऊन बसे आणि समोर उभ्या राहिलेल्या पोराच्या बनियनवर त्याच्याच गाडीतून जीभ बाहेर काढून, डोळे वटारून, गिअरचा दांडा आभाळात उगारून धावणारा राक्षस काढून देई. आयांना ते शर्ट बघवत नसत, हीच त्यांची जाहिरात. पुढे तो मासिकांत जाहिराती देऊन टपालाने ते विकू लागला. छापील चित्राचे टी-शर्ट आज गल्लोगल्ली दिसतात. अंगातल्या कपड्यावर आपली आवड मिरवायची ही चाल रुजवणाऱ्या सुरुवातीच्या मंडळींत रॉथचे नाव घ्यावेच लागते.

पण त्याला गाडी करायची होती. कुणाची तरी जुनी गाडी सुधारून नव्हे, मनातली, पहिल्यापासून. पत्र्याची बॉडी ठोकून घडवायची तर पाच-दहा वर्षांची उमेदवारी आणि महागडी हत्यारे लागतात. ती त्याच्याकडे नव्हती. फायबरग्लास ही वस्तू तेव्हा नवी होती. रॉथने गॅरेजमध्ये प्लॅस्टरचा ढीग रचला, आपले गणपतीचे मूर्तिकार शाडूला आकार देतात तसा तो कोरून कोरून गाडीचा आकार आणला, त्यावर फायबरग्लासचे कापड आणि राळेचे थर चढवले आणि ते वाळल्यावर आतले प्लॅस्टर फोडून काढून टाकले. उरले ते कवच, ती गाडी. 'आउटलॉ' असे तिचे नाव, १९५९-६०चे काम. इंजिन जुन्या कॅडिलॅकचे. मोटार बनवायला कारखाना लागतो, निदान लोहार तरी लागतो, ही समजूत त्याने एका गॅरेजात मोडली.

पाठोपाठ 'बीटनिक बँडिट'. तिला स्टिअरिंगचे चाकच नव्हते. मध्ये एक दांडा. पुढे ढकलला की वेग, मागे ओढला की ब्रेक, डावीउजवीकडे केला की वळण. डोक्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा घुमट. मग १९६३ची 'मिस्टेरियन', जिच्यात फोर्डची दोन प्रचंड इंजिने शेजारी शेजारी बसवली होती. या गाड्या कुठे जाण्यासाठी नव्हत्याच. ट्रेलरवर चढवून एका प्रदर्शनातून दुसऱ्यात न्यायच्या आणि तिकीट काढून आलेल्या लोकांनी बघायच्या. माझ्यातल्या कर्ज-अधिकाऱ्याला हे ऐकताना घाम फुटला. उत्पादक उपयोग शून्य, पुनर्विक्रीचे मूल्य अनिश्चित, कर्जदाराला पाच मुले.

इथे रेव्हेल कंपनी येते. लॉस एंजलिसजवळच्या व्हेनिस गावात लुइस ग्लेसर याने ही कंपनी उभी केली होती. जहाजे, विमाने, जुन्या मोटारी यांचे जोडण्याचे संच ती करी आणि पन्नासच्या दशकात अमेरिकेतल्या मुलांना तिने या छंदाचे अक्षरशः वेड लावले होते. रॉथच्या गाड्यांभोवतीची गर्दी कंपनीने पाहिली आणि १९६२च्या सुमारास करार केला. पंचविसांश आकाराचे संच निघाले. आधी 'आउटलॉ', मग 'बीटनिक बँडिट', 'मिस्टेरियन', 'रोड एजंट'. शर्टांवरचे राक्षसही आले. त्यांचा म्होरक्या 'रॅट फिंक' : हिरवा, ढेरपोट्या, माश्या घोंगावणारा, डोळे तांबारलेले, तांबड्या बनियनवर आपल्या नावाची दोन अक्षरे मिरवणारा उंदीर. जवळच अॅनाहाइमला १९५५पासून डिस्नीलँड होते. तिथल्या गोंडस उंदराला दिलेले हे उत्तर आहे, हे कुणालाही समजावे लागले नाही.

रेव्हेलच्या प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या हेन्री ब्लँकफोर्टने त्याला 'बिग डॅडी' केले. सहा फुटांहून उंच, आडव्या अंगाचा, तेलकट हातांचा हा माणूस उंच टोपी आणि शेपटीचा कोट घालून जत्रांत उभा राहू लागला. त्याच्या नावाने गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या. टॉम वुल्फ या तेव्हाच्या तरुण पत्रकाराने १९६३ साली 'एस्क्वायर'मध्ये कॅलिफोर्नियाच्या या गाडीवाल्यांवर मोठा लेख लिहिला आणि त्यांच्या कामाला कला म्हणायला सुशिक्षित वाचकाला भाग पाडले. रॉथ त्यात ठळक आहे.

आता माझ्या प्रश्नाचे उत्तर. रेव्हेल त्याला एका संचामागे एक सेंट देई. एक सेंट म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग. मी कपाळाला हात लावला. मग पुढचा आकडा वाचला. एकट्या १९६३ सालात त्याला या स्वामित्वधनाचे बत्तीस हजार डॉलर मिळाले असे सांगतात. हिशेब करून पाहा, बत्तीस लाख खोकी झाली. त्या काळच्या बत्तीस हजार डॉलरांत कॅलिफोर्नियात चांगले घर येत असे. रॉथने त्यातून घरे घेतली नाहीत, पुढच्या गाड्या केल्या. त्या एका सेंटची थट्टा करणारे पुष्कळ लेख मी वाचले. मला त्याची थट्टा करवत नाही, आणि त्याचे कारण साच्यात आहे.

साचा म्हणजे काय हे थोडे सांगायला हवे. आपल्याकडे त्याला डाय म्हणतात. पोलादाचे दोन जाड ठोकळे, प्रत्येकात भागाचा अर्धा अर्धा आकार उलटा कोरलेला. दोन्ही ठोकळे मशीनने प्रचंड दाबाखाली एकमेकांवर आवळायचे, पॉलिस्टायरिनचा दाणा वितळवून दोनशे अंशांहून अधिक तापमानाला आत रेटायचा, थंड होऊ द्यायचा, उघडायचा. मिनिटाच्या आत अख्खी गाडी, शंभर तुकड्यांत, एका चौकटीला चिकटलेली बाहेर पडते. दाण्याची किंमत नगण्य. सगळा खर्च त्या कोरण्यात. बारीक जाळी, रेडिएटरच्या पट्ट्या, टायरची नक्षी हे सगळे त्या काळी कारागिराने मोठ्या लाकडी नमुन्यावरून यंत्राने लहान करत पोलादात उतरवायचे आणि शेवटचा हात स्वतः फिरवायचा. काही महिन्यांचे काम आणि हजारो डॉलरांचा खर्च. एकदा झाला की साचा माणसापेक्षा जास्त जगतो. फक्त त्याला तेल लावून कोरड्या जागी ठेवावे लागते. आणि कुणाला तरी त्याची किंमत माहीत असावी लागते.

१९८९ साली मी ठाण्यापलीकडच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या शाखेत होतो. प्लॅस्टिकची खेळणी करणाऱ्या एका लहान कारखानदाराचे खाते बुडीत गेले. मोल्डिंगची दोन मशिने आणि चौदा डाय आमच्याकडे तारण. मशिनांना गिऱ्हाईक मिळाले. डायना मिळेना, दुसऱ्याच्या खेळण्याचा साचा कोण घेणार? मूल्यांकन करणाऱ्याने पोलादाचे वजन काढून भंगाराचा भाव लावला आणि मी सही केली. नियमाप्रमाणे ते चोख होते. टेम्पो भरला जात होता तेव्हा मालक एका डायवर हात ठेवून उभे होते. तो ट्रकचा डाय होता. लांब नाकाचा, मागे उघड्या हौद्याचा, पूर्वी मेळ्यांत रुपया-दीड रुपयाला मिळे तो. तेवढा एक ठेवून घेता येईल का, वजनाचे पैसे भरतो, असे त्यांनी विचारले. लिलाव एकगठ्ठा झालेला होता. मी नाही म्हणालो. त्यांनी हात काढून घेतला आणि रुमालाने त्या हाताचे तेल पुसले. त्या शाखेतली इतर खाती मी विसरलो, ते पुसणे विसरलो नाही. अमेरिकेतल्या दुकानात ती भिंत पाहताना मला दीड तास का लागला, हे नातवाला सांगणे मला जमले नाही. इथे सांगतो आहे.

रॉथकडे वळू. १९६४च्या फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकेत आले. हॉट रॉडचा बाजार बीटल्सनी मारला असे रॉथचे मत शेवटपर्यंत होते. पोरांच्या खिशातले पैसे कार्ब्युरेटरऐवजी गिटारवर जाऊ लागले. त्याच वर्षी त्याने 'ऑर्बिट्रॉन' केली. तिला तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन दिवे एका डोळ्यात बसवले होते. तिन्हींचा झोत मिसळून पांढरा उजेड पडावा ही रंगीत टीव्हीवरून घेतलेली कल्पना. गाडी आपटली. क्रोमने लखलखणारे इंजिन बॉनेटखाली झाकले ही चूक झाली, असे तो मानत असे. बीटल्स आणि बॉनेट, दोन्ही कारणे त्याने सारख्याच गांभीर्याने सांगावीत हे मला फार आवडते. आमच्याकडचे कारखानदार सहसा एकच कारण सांगत, आणि ते नेहमी बँक हेच असे.

यानंतरची चार-पाच वर्षे मला त्याच्या आयुष्यातली सर्वांत अवघड वाटतात. त्याने जर्मन सैनिकांच्या शिरस्त्राणांसारख्या प्लॅस्टिकच्या टोप्या आणि लोखंडी क्रूसांसारखी पदके विकायला काढली. लाटांवर स्वार होणाऱ्या पोरांत त्यांची टूम निघाली. युद्ध संपून वीस वर्षे झाली होती. त्या चिन्हांखाली मेलेल्यांची भावंडे त्याच शहरात राहत होती. आयांना चिडवणारा उंदीर आणि हे क्रूस यांतला फरक त्याला कळला नाही किंवा कळून घ्यायचा नव्हता. त्याच्यावर प्रेमाने लिहिणारे चरित्रकार हा भाग घाईने ओलांडतात. मी त्याच्या बाजूने पुष्कळ काही मांडायला तयार आहे, याच्या बाजूने नाही.

मग मोटारसायकली. हेल्स एंजल्ससारख्या टोळ्यांच्या सहवासात तो गेला, त्यांची छायाचित्रे काढून पोस्टर छापली, 'चॉपर्स' नावाचे मासिक काढले. त्या यंत्रांतही त्याला तीच जिद्द दिसली असणार, कारखान्याची वस्तू मोडून स्वतःची करण्याची. पण त्या संगतीची किंमत होती. मुलांची खेळणी विकणाऱ्या रेव्हेलने संबंध तोडले. एक सेंट थांबला. टोळीवाल्यांना वाटू लागले की हा आपल्या चेहऱ्यांवर पैसा करतो. दुकानात येऊन दमदाटी सुरू झाली. १९७० साली रॉथने स्टुडिओ बंद केला आणि गाड्या पडत्या भावाने फुंकून टाकल्या. बऱ्याचशा जिम ब्रकर नावाच्या संग्राहकाने घेतल्या. 'मिस्टेरियन' तोवर राहिलीच नव्हती. दोन इंजिनांच्या भाराने तिची चासी तडकली होती आणि ती सुटी होऊन तुकड्यातुकड्यांनी नाहीशी झाली. 'ऑर्बिट्रॉन' कुणा कुणाच्या हातांतून मेक्सिकोत गेली.

ब्रकरचे बुएना पार्क येथे चित्रपटांतल्या गाड्यांचे संग्रहालय होते. रॉथ तिथे पाट्या रंगवायला लागला. त्याने स्वतः केलेल्या गाड्या आता मालकाच्या, आणि हा पगारी पेंटर. मग त्याच गावच्या 'नॉट्स बेरी फार्म' या कुटुंबांसाठीच्या बागेत सुमारे दहा वर्षे त्याने हेच काम केले. मुरांब्याच्या दुकानाची पाटी, प्रसाधनगृहाचा बाण, पाळण्याचे वेळापत्रक. काही मैलांवर डिस्नीलँड. ज्याने त्या उंदराच्या नाकावर टिच्चून स्वतःचा उंदीर उभा केला तो पलीकडच्या बागेत पाट्या रंगवतो आहे, यात मी कादंबरीकार म्हणून काहीतरी शोकात्म शोधायला गेलो. मला ते सापडले नाही. त्या काळातल्या त्याच्या छायाचित्रांत मला दुःखी माणूस दिसत नाही. ब्रश हातात होता, महिन्याला पगार होता. १९७४ साली तो मॉर्मन पंथात गेला, धर्मनिष्ठ झाला. मोटारसायकलवाल्यांना हे पचवायला जड गेले असेल.

इकडे साचे पडून होते. सत्तरच्या दशकात त्यांना कुणी विचारले नाही. पण १९६३ साली दहा वर्षांची असलेली मुले नव्वदपर्यंत चाळिशीला आली आणि त्यांच्या हाती पैसा आला. जुन्या, न उघडलेल्या खोक्यांना संग्राहक वाटेल ती किंमत मोजू लागले. रेव्हेलने पुन्हा पेटारे उघडले. 'रॅट फिंक' परत आला, 'बीटनिक बँडिट' परत आली. रॉथच्या स्टुडिओत पूर्वी नोकरीला असलेला रॉबर्ट विल्यम्स आता नाव झालेला चित्रकार होता आणि त्याच्या बरोबरीच्यांनी रॉथला गुरू म्हणून पुढे आणले. रॉथ तोवर युटा राज्यातल्या मँटाय या लहानशा गावी राहायला गेला होता. जत्रांत पुन्हा येऊन बसू लागला, पोरांच्या आणि आता त्यांच्या बापांच्याही शर्टांवर चित्रे काढू लागला. नव्या गाड्या केल्या. एकीचे नाव 'बीटनिक बँडिट दुसरी'.

पुन्हा काढलेले संच सगळे जसेच्या तसे नसतात, हेही सांगितले पाहिजे. मधल्या काळात कुणीतरी साचा बदललेला असतो. एखादे बंपर भरून टाकून दुसरे कोरलेले असते आणि मूळ बंपर त्या क्षणी जगातून जाते. काही साचे गंजले, काही हरवले. जुने साचे झिजून त्यांच्या फटीतून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा बाहेर येतो, त्याला फ्लॅश म्हणतात. तो चाकूने खरवडावा लागतो. संग्राहकांत याबद्दल कडाक्याची भांडणे आहेत. आपल्याकडे नाट्यसंगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून असतात तशी.

४ एप्रिल २००१ रोजी मँटायला आपल्या कामाच्या खोलीत रॉथ हृदयविकाराने गेला. वय एकोणसत्तर. २००६ साली त्याच्यावर माहितीपट निघाला. २००७ साली 'ऑर्बिट्रॉन' सापडली, मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेझ शहरात, एका दुकानाबाहेर, मोडक्या अवस्थेत. लॉस एंजलिसच्या एका गाडीविक्रेत्याने ती पुढे विकत घेतली आणि तिचे तीन रंगांचे दिवे पुन्हा लागले. खरी 'बीटनिक बँडिट' नेवाडातल्या रीनोच्या मोटार संग्रहालयात आहे.

आणि २०१८च्या जानेवारीत रेव्हेलची तेव्हाची मालक असलेली 'हॉबिको' कंपनी दिवाळखोरीत गेली. ही बातमी मी वाचनालयात वाचली तेव्हा जागेवरून उठून पाणी पिऊन आलो. पुढे काय झाले असेल हे मला पाठ होते. पण तसे झाले नाही. रेव्हेल हे नाव आणि बराचसा व्यवसाय एका जर्मन गुंतवणूकदाराने घेतला आणि जुन्या साच्यांचा मोठा साठा न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील 'अटलांटिस' नावाच्या लहान कंपनीने विकत घेतला. साचे म्हणून घेतला. तिथल्या माणसांना कोणत्या ठोकळ्यात काय कोरले आहे ते ठाऊक होते. 'रॅट फिंक' त्यांच्याकडूनच पुन्हा बाजारात आला.

आमची 'बीटनिक बँडिट' जोडायला तीन शनिवार लागले. नातवाचे हात बारीक, माझे डोळे अधू. त्याने धरायचे, मी सांगायचे. मधला तो दांडा चिमट्याने बसवताना दोनदा गालिच्यावर पडला आणि दोन्ही वेळा तो शोधायला घरातले सगळे गुडघ्यांवर आले. पारदर्शक घुमट शेवटी लावायचा असतो. त्याला गोंदाचे बोट लावू नये, लागले तर डाग जात नाही, असे माहितीपत्रकात ठळक लिहिलेले होते आणि मी ते त्याला दोनदा वाचून दाखवले होते. मग घुमट मीच हातात घेतला. माझ्या उजव्या अंगठ्याचा ठसा आता त्यावर आहे, चक्रासकट, पासबुकावर घेतो तसा स्वच्छ. नातवाने तो काही पुसू दिला नाही.